आवाजाची शेगडी

ये, अशी जवळ सरक. आधी ते कानातलं काढ बरं. मोठी आजी बोलून राह्यली अन् पोरीच्या दोन्ही कानांत बोंडं! लिहून पाठवते आहे म्हणून काय झालं, मी समोर बसून बोलते आहे असंच समज. परवा फोनवर काय म्हणालीस तू? "आजी, मी गिटारसाठी एक नवीन डबा घेतला. अॅम्प्लिफायरचं बटन पूर्ण फिरवायचं आणि आवाज मात्र खोलीपुरताच येतो. जाऊ दे, तुला नाही समजायचं."

नाई समजायचं! अवं, तो तुझा डबा आमच्या सैपाकघराच्या ओट्यावर बसलेला मी पाहिला आहे. एका दुपारी तुझ्या आबाजीचं सगळं त्याच्यावर टांगलेलं होतं. त्यानं तुला सांगितलं नसेल. माझा हा धाकटा दीर पहिल्यापासून कमी बोलणारा, त्याच्या वाटचं मीच बोलत आले. तर ऐक.

साल विचारू नको. आणीबाणी उठून गेली होती आणि राकेलच्या रांगा मात्र तशाच होत्या, एवढं आठवतं. देवळीत आमचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दुकान कसलं, समोरच्या रस्त्यावर एक खोपटं आणि सगळं सामान घरात. लग्न असो, भागवत असो, प्रचार असो, आमचे हे बैलबंडीवर भोंगे घालून निघायचे. मी शाळा फार केली नाही, पण यांच्या शेजारी बसून तारा सोलायला, जोड द्यायला आपोआप शिकले. सैपाक करता करता कोणता व्हॉल्व गेला ते आवाजावरून ओळखायचे.

हो, तेव्हा व्हॉल्वचीच मशीन. लोखंडी पेटी, वर जाळी, आत काचेच्या बाटल्या. बटन दाबलं की लगेच काही नाही; हळूहळू बाटल्यांत केशरी उजेड यायचा आणि मग पेटी घुमायला लागायची. सगळ्यांत मोठी पेटी यांनी नागपूरहून जुनी आणली होती. ती म्हणजे घरातली दुभती म्हैस. तिच्यावर घर चालायचं.

आणि तुझ्या आबाजीला लागलं गिटारचं वेड. कलकत्त्याकडची एक जुनी विजेची गिटार त्यानं कुठूनशी मिळवली आणि यांच्या मोठ्या पेटीला जोडली. आवाज बारीक ठेवला तर ती गिटार अशी वाजायची की ताटलीवर चमचा आपटतो आहे. पण पेटीचं बटन पार शेवटपर्यंत फिरवलं की व्हॉल्व तापून जणू गळा काढायचे. सूर लांबायचा, भरून यायचा, एकदा छेडलेली तार कितीतरी वेळ गातच राहायची. हे म्हणायचे, "पेटीले घाम फुटल्याशिवाय ते गात नाई." पण त्या आवाजानं फडताळावरच्या वाट्या नाचायच्या.

वर्ध्याला एक ऑर्केस्ट्रा होता. तुझा आबाजी एकदा तिथं वाजवून दाखवायला गेलता. त्यांनी आवाज बारीक ठेवायला लावला, आणि मालकांनी सांगितलं, "पोट्टा बरा हाय, पण गिटार गात नाई." झालं, परत आला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्यांनी जिनिंगमध्ये शब्द टाकून ठेवला होता. कापसाचा हंगाम सुरू झाला की पोरगा सरकी काढायच्या रेच्यावर जाणार, गिटार बंद. मग अचानक निरोप आला की ऑर्केस्ट्राचा गिटारवाला सोडून गेला, जागा रिकामी आहे, आणि मालक पुलगावहून परत जाताना बाजाराच्या दिवशी देवळीला उतरतील, आपल्याच मशीनवर वाजवून दाखव.

घरात आनंद व्हायला पाहिजे होता. पण झाला नाही, कारण भिंतीपलीकडे बाळ होतं.

आमची आणि शेजारच्या मावशीची मधली भिंत एकच. मावशीची लेक बाळंतपणाला आली होती आणि सातव्या महिन्यातच मोकळी झाली. लेकरू एवढंसं, माझ्या पंजात मावेल असं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या, ऊब द्या आणि दचकू देऊ नका. नव्या पिंजलेल्या कापसात गुंडाळून त्याला परातीत निजवलं होतं. आईला दूध नाही, म्हणून शेळीचं दूध पाणी घालून, कोमट करून, कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब. सगळी गल्ली त्या बाळासाठी कुजबुजायला लागली होती. सायकलवाले घंटी वाजवत नव्हते. मी भाकरी थापायचे तीसुद्धा अलगद.

निरोप आला त्या दिवशी तुझ्या आबाजीनं गिटार जोडली आणि राहवलं नाही म्हणून एकदाच बटन पूर्ण फिरवलं. तार छेडली. पलीकडे मावशीची किंकाळी. क्षणात ती आमच्या दारात, पदर खांद्यावरून खाली.

"काऊन रे! लेकरू दचकून निळं पडलं ना! मारतं काय त्याले?"

तुझा आबाजी पांढराफटक. त्यानं गिटार खाली ठेवली आणि मावशीच्या पायाला हात लावला. "मावशी, पुन्हा नाई होणार. रेडिओपेक्षा मोठा आवाज या घरातून आला तं हे गिटार तुमच्या चुलीत घाला."

"घालीन," मावशी म्हणाली. "लक्षात ठेवजो. घालीन."

आता सांग, करायचं काय? आवाज बारीक ठेवावा तर गिटार गात नाही आणि जागा जाते. मोठा ठेवावा तर लेकरू. शेतात जाऊन वाजवावं तर तिथं लाईट नाही. दुकानापुढे बाजार भरणार, तिथं बैलांच्या हंबरण्यात कोण ऐकतं? आणि मालक दुसऱ्या दिवशी थांबणार नव्हते. तुझा आबाजी दोन दिवस जेवला नाही म्हटलं तरी चालेल. ताटावर बसायचा आणि भिंतीकडे पाहायचा.

हे मात्र विचार करत होते. एका संध्याकाळी मला म्हणाले, "अवं, पेटीले ओरडू द्यायचं, पण तिचं ओरडणं वाटेतच जाळून टाकायचं. भोंग्यापर्यंत थोडंसंच पोचलं पाहिजे."

"जाळायचं कशात?"

त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. तिथं माझी विजेची शेगडी होती. मातीची गोल चकती, तिच्या नागमोडी खाचेत बसवलेली तारेची कॉइल. कॉइल तुटल्यापासून तशीच पडली होती. यांनी तिचे तुकडे मोजून मापून पुन्हा खाचेत बसवले. पेटीतून निघालेली तार आधी शेगडीला, आणि शेगडीतून पुढं स्पीकरला. पेटी जी ताकद फेकेल, तिच्यातली बहुतेक शेगडी खाणार आणि तापणार. स्पीकरला उरलंसुरलं.

पहिल्यांदा लावून पाहिलं तेव्हा आम्ही तिघंही श्वास धरून होतो. हे मला म्हणाले, "ध्यानात ठेव, चालू असताना शेगडीची तार सुटली तं पेटीच्या ट्रान्सफॉर्मरचा धूर निघते. अन् कॉइलवर लोखंड पितळ काई पडलं, तं शेगडी खायची थांबते, सगळी ताकद सरळ स्पीकरवर." म्हणजे दोन्हीकडून मरण. एकीकडे म्हैस जाते, दुसरीकडे लेकरू.

बटन पार शेवटपर्यंत. व्हॉल्व केशरी. तुझ्या आबाजीनं तार छेडली, आणि काय सांगू तुला! तोच लांब, भरलेला, गाणारा सूर, पण एवढासा, जसं कोणी शेजारच्या खोलीत बसून गुणगुणतं आहे. तुझ्या आबाजीच्या डोळ्यांत पाणी. शेगडीवर मी लांबून हात धरला तर चांगली ऊब लागत होती. मी भिंतीला कान लावला. पलीकडे मावशी लेकीला विचारत होती, "रेडिओ कोणी लावला वं?"

बाजाराचा दिवस उजाडला. तुझ्या आबाजीला एकाच गोष्टीची लाज, मालकांना शेगडी दिसू नये. शहरातला माणूस, काय म्हणेल? म्हणून तारा दाराखालून आत घेऊन शेगडी सैपाकघराच्या ओट्यावरच ठेवली, तिच्या नेहमीच्या जागी. समोरच्या खोलीत पेटी, स्पीकर, गिटार आणि खुर्ची. पेटीपाशी हे. शेगडीपाशी मी. यांनी मला बजावलं होतं, "नजर हलवू नको."

मालक आले. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, अंगावर पुलगावच्या बसची धूळ. बसता बसता घड्याळ पाहिलं. "लवकर करा, मले पुढची गाडी पकडायची हाय." तुझ्या आबाजीची पहिली तार जराशी घसरली. मालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी आतून पाहत होते आणि मनात म्हणत होते, गेलं, हेही गेलं. पण मग गिटारला गळा सापडला. मालकांचं चष्मा पुसणं थांबलं. चष्मा हातातच राहिला.

तेवढ्यात ते म्हणाले, "पाणी मिळंन काय?"

घरात दुसरी बाई नाही. पाहुणा पाणी मागतो आणि आपण शेगडीकडे पाहत उभं राहायचं, हे आमच्यात कसं जमणार? मी तांब्या घेतला, चार पावलं समोरच्या खोलीत गेले, पेला पुढं केला आणि वळले.

वळले तर मागच्या दारातून मावशी येत होती. हातात दुधाचा गंज. गंज म्हणजे तुमच्याकडचं छोटं पातेलं गं.

आता तुला आमच्या गल्लीची रीत सांगितली पाहिजे, नाहीतर तू म्हणशील बाई वेडी होती काय. राकेल मिळत नव्हतं, सरपण पावसानं ओलं. म्हणून आम्ही बायकांनी ठरवूनच टाकलं होतं, ज्या घरी विस्तव असेल त्या घरी जाऊन आपलं भांडं टेकवायचं. विचारायचं नाही, कारण बाळाला झोपेतून उठवणारं एक वाक्यसुद्धा नको. गुपचूप मागच्या दारानं यायचं, भांडं तापवायचं, गुपचूप जायचं. माझ्या चुलीवर तर मावशीचा गंज दिवसातून कितीदा तरी चढायचा.

तिनं पाहिलं की चूल थंड आहे, पण ओट्यावर शेगडी. तारा लावलेल्या. हात वर धरून पाहिला, ऊब लागली. तिचा चेहरा खुलला. शेगडी दुरुस्त झाली, बरं झालं!

मी ओरडायला पाहिजे होतं. मी तोंड उघडलंही. पण इतके दिवस कुजबुजायची सवय, घशातून आवाजच बारीक निघाला. "मावशी, नाई... नाई..." गिटारच्या सुरात तो मला स्वतःलाच ऐकू आला नाही. मी धावले. तिनं गंज ठेवला. कॉइल दोन ठिकाणी खाचेतून वर आलेली होती, पितळेचं बूड बरोबर त्या दोन्हींवर टेकलं.

तुला काय सांगू तो आवाज. समोरच्या खोलीत जणू छप्पर खाली आलं. स्पीकर फाटल्यासारखा ओरडला, वाट्या फडताळावरून खाली, बाहेर कुणाचा तरी बैल दावं तोडायला लागला. मी पदर हाताला गुंडाळून गंज बाजूला ढकलला. आवाज खाली आला. यांनी बटन मागे घेतलं, पेटी बंद केली. बाटल्यांमधला उजेड हळूहळू विझला.

मग शांतता. भिंतीपलीकडूनही काहीच नाही. रडणंसुद्धा नाही.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिला अजून कळलंच नव्हतं की काय झालं. "माह्या लेकराले..." एवढंच म्हणाली आणि मागच्या दारानं पळाली. तिच्यामागे मी. माझ्यामागे तुझा आबाजी, गिटार तशीच गळ्यात, तार जमिनीवर फरफटत.

आतल्या खोलीत लेक परातीवर वाकून बसली होती. दोन्ही हातांनी कापूस धरलेला. बाळाचे डोळे टक्क उघडे. मुठी घट्ट. तोंड रडण्यासारखं वाकडं झालेलं, पण आवाज नाही. मी त्याच्या छातीवर दोन बोटं टेकवली. कापसातून काही कळेना. मावशी देवाचं नाव घेत भिंतीला टेकली. किती वेळ तसं गेलं मला सांगता येणार नाही. त्या खोलीतला गूळ, शेपा, धुरी यांचा वास मला आजही तसाच येतो.

मग बाळाला उचकी लागली.

एक उचकी. दुसरी. आणि त्यानंतर ते असं रडलं की आजवर त्याचा तेवढा आवाज आम्ही ऐकला नव्हता. त्याची आई हसायला लागली आणि हसता हसता रडायला. म्हणाली, "भूक लागली त्याले. आई, दूध कुठं हाय?"

मावशीनं रिकाम्या हातांकडे पाहिलं. दूध आमच्या ओट्यावर.

तुझा आबाजी उंबऱ्यात उभा. त्यानं गळ्यातून गिटार काढली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून मावशीपुढे केली, जसं कोणी ताट पुढं करतं. "घ्या मावशी. बोललो होतो मी. घाला चुलीत."

मावशीनं गिटारला हात लावला नाही. मी सांगायला लागले, की मावशी, त्याचा नाई दोष, ते शेगडी तशी नाई, आवाज खाणारी हाय, तुमचा गंज तिच्यावर... तिला सगळं कळलं असेल असं नाही, पण गंज कळला. तोंडावर पदर घेऊन खाली बसली.

"मेल्या," ती म्हणाली, "माही चूल पेटती असती तं तुह्या घरी गंज घेऊन आली असती काय मी?"

पहिल्यांदा लेक हसली, मग मी. तुझा आबाजी मात्र हसला नाही. त्याला मालक आठवले होते. ते घरी तसेच बसलेले, कदाचित उठून बसकडे निघालेले.

आम्ही परत आलो तर मालक खुर्चीवर नव्हते. सैपाकघरात ओट्यापुढे उभे होते, हातात पाण्याचा पेला, आणि वाकून शेगडी पाहत होते. हे बाजूला उभे, चोरी पकडल्यासारखे.

"हे काय होय?" मालकांनी विचारलं.

यांनी सांगितलं. बाळाचंही सांगितलं. मालकांची नजर तारेवरून दारापर्यंत गेली. मग म्हणाले, "म्हंजे पहिला आवाज अन् तो छप्पर फाडणारा, दोन्ही एकाच मशीनचे? अन् बटन होतं तिथंच?"

"होय जी."

"लेकरू कसं हाय?"

"रडून राह्यलं," मी म्हणाले.

"बरं हाय मंग." ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. "पुन्हा वाजव. मले नीट ऐकू दे."

तुझा आबाजी जागचा हलेना. "मावशीले विचारल्याशिवाय नाई वाजवणार," म्हणाला. पाहिजे तर पुढची गाडी पकडा, असंही म्हणाला असता तो. मी त्याचा चेहरा ओळखते. मालकांच्या कपाळाला आठी पडली. बसची वेळ जवळ येत होती. मला वाटलं, ह्या पोराच्या शब्दापायी आता हाताशी आलेलं जातं.

पण मावशी मागच्या दारात आलीच होती, दूध न्यायला. तिनं ऐकलं. गंज मी चुलीवर काड्या लावून कोमट केला, तो तिनं लेकीकडे पोचवला आणि परत आली. ओट्यापुढे पाट ओढला. त्याच्यावर मांडी घालून बसली, पदर खोचून, शेगडीकडे तोंड करून, जसं कोणी पिकाची राखण करतं.

"वाजव," ती म्हणाली. "पण शेगडी मी राखन. ह्या तुह्या वहिनीचा काई भरोसा नाई, पाणी द्यायले पळते."

आणि खरंच राखली गं. मध्येच पलीकडची एक बाई चहाचं आधण घेऊन मागच्या दारात आली, तर मावशीनं तोंडानं नाही, हातानंच तिला असं हाकललं की बिचारी आधणासकट उलट पावली गेली.

त्या दुपारी तुझ्या आबाजीनं जसं वाजवलं तसं मी पुढे कित्येक कार्यक्रमांत ऐकलं नाही. घाबरलेला नव्हता आता. आणि आवाज तेवढाच, खोलीपुरता. भिंतीपलीकडे बाळ बोळा चोखत होतं.

मालक उठले, पिशवी खांद्याला लावली. म्हणाले, "माह्याकडे गाणाऱ्या बाया गिटारवाल्याशी रोज भांडत होत्या, का आमचा गळा दाबते म्हणून. बारीक कर म्हटलं का तो रुसे. म्हणून तं गेला तो." मग दारात थांबले. "येजो पुढच्या आठवड्यात. पण शेगडी घेऊन येजो. शेगडी नाई आणली तं तूही येऊ नको."

तुझ्या आबाजीनं होकार द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. शेगडी माझी होती ना.

पुढे काय, तो ऑर्केस्ट्रात गेला. यांनी त्याच्यासाठी शेगडीला पत्र्याची पेटी केली, वर जाळी, आणि मावशीनं सांगितलं म्हणून जाळीवर लाल रंगानं फुली काढली, म्हणजे कोणी बाई त्याच्यावर भांडं ठेवणार नाही. तरी आष्टीच्या एका कार्यक्रमात कोणी तरी त्याच्यावर चिवड्याची परात ठेवलीच. पण परात जाळीवर राहिली. पुढे बाटल्यांची मशीन गेली, नवी आली, शेगडी परत माझ्याकडे आली. आणि ते बाळ? आता ट्रॅक्टर चालवतं, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतकी मोठ्यानं लावतं की मावशी असती तर तिनं ट्रॅक्टर चुलीत घातला असता.

ती मातीची चकती माझ्या फडताळात आहे. एका बाजूला दूध सांडल्याचा काळा डाग आहे, घासून जात नाही, मी घासतही नाही. तुझा तो नवा डबा घेऊन ये. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू, पाहू कोण जास्त तापतं. तुझ्या आबाजीचे हात आता थरथरतात, पण तू जोडून दिलंस तर एखादी तार छेडेल तो, मला माहीत आहे. फोनवर नको. संक्रांतीची वाट पाहू नको. कापूस फुटला की येजो, लवकर येजो, अन् मागच्या दारानं येजो, ते उघडंच असते.